आधी बेथ दीन, मग कोर्ट: ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे पैशाचा वाद नेण्याचा क्रम

समजा, दोन भावांत वडिलांच्या घरावरून बिनसलं. एक ठाण्यात, दुसरा अश्दोदला. ठाण्याच्या भावाने वकील गाठला, नोटीस गेली, दावाही पडला. मग सिनेगॉगमध्ये कुणीतरी म्हणालं, ‘अरे, ज्यू माणसावर कोर्टात दावा लावायला धर्मशास्त्राची मनाई आहे.’ आता दावा मागे घ्यायचा की चालवायचा, कोणालाच कळेना.

अशी प्रकरणं अडतात ती बहुतेक क्रम चुकल्यामुळे. काहींचा समज असतो की ज्यू माणसाने कोर्टाची पायरी चढायचीच नाही, म्हणून ते हक्क सोडून बसतात. बाकीचे आधी कोर्ट गाठतात आणि गरज पडलीच तर नंतर रब्बींकडे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडे, जातात. शास्त्र या दोघांच्या बाजूने नाही. कोर्टाचा रस्ता आहे, पण तो बेथ दीनमधून, म्हणजे धर्मन्यायपीठातून जातो.

नियम ‘शुल्हान आरुख’ या ज्यू धर्मकायद्याच्या संहितेत, तिच्या होशेन मिशपात म्हणजे दिवाणी वादांच्या भागात, 26व्या प्रकरणात आहे. ज्यू माणसाने दुसऱ्या ज्यूविरुद्धचा वाद अन्यधर्मी न्यायालयात नेऊ नये. तिथला कायदा तोराशी, म्हणजे ज्यू धर्मग्रंथातल्या कायद्याशी, जुळत असला तरी नाही, आणि दोन्ही पक्ष राजी असले तरी नाही. आधार तोरातल्या निर्गम 21:1 चा आणि तालमूद या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथातल्या गित्तीन 88ब चा. त्याच प्रकरणाचं दुसरं कलम फार थोडे जण वाचतात. समोरचा दांडगा असेल तर त्याला आधी ज्यू न्यायाधीशांपुढे बोलवा. तो आला नाही तर बेथ दीनची परवानगी घ्या आणि मग सरकारी कोर्टातून आपलं वसूल करा.

पुढे जे आहे ते या कलमाचा व्यवहारातला उलगडा आहे. आपल्या प्रकरणाचा निर्णय जाणकार दय्यानकडूनच, म्हणजे बेथ दीनच्या न्यायाधीशाकडूनच घ्यावा, पण त्याच्यापुढे जाताना काय हातात हवं ते इथे सापडेल.

1. वाद या नियमात बसतो का ते पाहा

नियम दोन ज्यू पक्षांमधल्या दिवाणी वादाला लागू आहे: उधारी, भागीदारी, घर, पगार, करारभंग. समोरचा पक्ष ज्यू नसेल तर सरळ कोर्टात जायला अडचण नाही.

न लढवलेल्या कामांनाही मनाई लागत नाही. दस्त नोंदवणं, वारसाचा दाखला काढणं, गहाणखताची नोंद हे प्रशासकीय काम आहे, त्यात कोणी कोणाविरुद्ध उभा नसतो. मात्र वारसाच्या अर्जावर भावाने हरकत घेतली की त्या क्षणापासून तो वाद झाला.

अपघाताच्या दाव्यात नावापुरता ज्यू माणूस आणि खरा पैसा विमा कंपनीचा असेल, तर बरेच दय्यान कोर्टाला मोकळीक देतात. समोरच्याने कर्ज लेखी कबूल केलंय आणि फक्त देत नाही, अशा वेळी काही जण देतात, काही देत नाहीत. दोन्ही प्रसंगी विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

इस्रायलमधल्या वाचकांसाठी: न्यायाधीश ज्यू आहेत म्हणून तिथली सरकारी कोर्टं या नियमातून सुटत नाहीत. हजोन ईश या रब्बींसारख्या धर्मशास्त्रातल्या मोठ्या अधिकाऱ्यांनी ती मनाईत धरली आहेत, कारण निवाडा तोराच्या कायद्याने होत नाही.

*इशारा:* मारहाण, लैंगिक अत्याचार, लहान मुलाला धोका यांत हा लेख बाजूला ठेवा आणि पोलिसांकडे जा. तिथे समन्सांची वाट पाहत बसायचं नसतं. ‘गेट’, म्हणजे घटस्फोटाचा धार्मिक दस्त, हाही वेगळा विषय. इस्रायलमध्ये विवाह आणि घटस्फोट 1953च्या कायद्याने सरकारी रब्बी न्यायालयांकडेच आहेत. भारतात कोर्टाचा हुकूम मिळाला तरी धर्मशास्त्राने लग्न सुटत नाही.

2. कागद आणि मुदत

हलाखात, म्हणजे ज्यू धर्मकायद्यात, दावा मुदतबाह्य होण्याचा प्रश्न सहसा येत नाही. देशाच्या कायद्यात येतो. भारतात कराराच्या दाव्याला साधारण 3 वर्षं, इस्रायलमध्ये जमीन सोडून इतर दाव्यांना 7 वर्षं. बेथ दीनची पत्रं येत-जात राहतात आणि इकडे मुदत सरते. हा फटका मोठा असतो. भारतात लवादाची लेखी मागणी समोरच्याच्या हाती पडली की लवाद सुरू झाला असं कायदा धरतो (1996च्या लवाद कायद्याचं कलम 21). त्यामुळे करारात लवादाचं कलम असेल तर अशी मागणी पोचपावतीसह पाठवून ठेवा. नसेल तर आधी दय्यानला मुदतीची तारीख सांगा. मुदत वाचवण्यापुरता दावा दाखल करायची परवानगी त्याच्याकडून लेखी मिळू शकते.

फाइलमध्ये मूळ करार, बँकेचे उतारे, संदेशांच्या प्रती आणि एका पानात तारखांचा क्रम. मागणी आकड्यात लिहा. इथे एक गोष्ट हमखास चुकते ती व्याजाची. ज्यू माणसाने ज्यूकडून व्याज घ्यायला मनाई आहे, त्यामुळे वकिलाने सवयीने लिहिलेलं ‘द.सा.द.शे. 18’ बेथ दीनसमोर मागणीची शान घालवतं. करारात ‘हेतेर इस्का’ असेल, म्हणजे कर्जाला भागीदारीचं रूप दिलेलं असेल, तर तो कागद पहिल्या पानावर ठेवा. नसेल तर व्याजाची ओळ खोडा.

3. बेथ दीन निवडा

न्यूयॉर्कमध्ये 1960 साली स्थापन झालेलं बेथ दीन ऑफ अमेरिका, लंडनचं बेथ दीन, इस्रायलमधलं एरेत्झ हेमदा-गाझितचं जाळं, ही पैशाचे वाद नियमाने चालवणारी ठिकाणं. इस्रायलमध्ये लोक सरकारी रब्बी न्यायालयाकडे धावतात. पण 2006 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की कायद्याने अधिकार दिल्याशिवाय ही न्यायालयं पैशाच्या वादात लवाद म्हणून बसू शकत नाहीत. म्हणून तिथे खासगी बेथ दीन शोधायचं, जे 1968च्या लवाद कायद्याखाली चालतं.

ठाणे, मुंबई, पुणे, अलिबागकडे शिकलेले दय्यान हाताशी नाहीत. दोन वाटा आहेत. एक, बाहेरच्या बेथ दीनकडून व्हिडिओवर सुनावणी. दुसरी वाट जुनी आणि शास्त्रात लिहिलेली: जिथे न्यायनिवाड्याला योग्य विद्वान नाहीत तिथे समाजाने आपल्यातले चांगले आणि शहाणे लोक नेमावेत, म्हणजे लोक परक्या कोर्टात जाणार नाहीत. होशेन मिशपातच्या 8व्या प्रकरणावर ‘शुल्हान आरुख’चे टीकाकार रेमा हे लिहून ठेवतात, आणि समाजाने एकदा स्वीकारल्यावर त्यांना नालायक ठरवता येत नाही असंही सांगतात. आपल्याकडची मंडळी हे न वाचताच ‘इथे बेथ दीन नाही, मग कोर्टच’ म्हणतात.

तिसरी पद्धत ‘जब्ला’: तुम्ही एक दय्यान निवडा, समोरचा एक निवडेल, ते दोघे तिसरा निवडतील. संख्या विषम राहते, त्यामुळे भारतीय लवाद कायद्यालाही चालते. यातली मेख अशी की लोक आपल्या दय्यानला आपला वकील समजू लागतात. तो न्यायाधीश आहे. नातलग, जिवलग मित्र, उघड शत्रू यांपैकी कोणीही नको.

साधारण संकेत असा की वादी प्रतिवादीच्या गावी जातो. अश्दोदच्या भावाला ठाण्यात ओढण्याआधी हे लक्षात घ्या.

4. दय्यानला आधी काही सांगू नका

या टप्प्याला वेगळं शीर्षक द्यावं इतकी ही चूक घडते. माणूस ओळखीच्या रब्बींकडे जातो, चहा होतो, तासभर सगळी हकिगत सांगून होते, आणि शेवटी म्हणतो, ‘मग तुम्हीच बसा ना निवाड्याला.’ आता ते बसू शकत नाहीत. होशेन मिशपात 17:5 प्रमाणे एका पक्षाचं म्हणणं दुसऱ्याच्या गैरहजेरीत ऐकायचं नसतं.

बेथ दीनच्या कार्यालयाला फोन करा आणि चारच गोष्टी सांगा: तुमचं नाव, समोरच्याचं नाव आणि पत्ता, रक्कम, विषय एका वाक्यात. ‘वडिलोपार्जित घराची वाटणी’ एवढं पुरे. ‘माझ्या भावाने फसवून घेतलेल्या घराची वाटणी’ हे जास्त झालं.

*तपासा:* ज्या रब्बींचा सल्ला घेतलात ते निवाड्याच्या तिघांत नाहीत ना?

5. हजमाना, म्हणजे समन्स

आधी स्वतः एक साधं पत्र पाठवा: वाद बेथ दीनपुढे नेऊ या, अमुक ठिकाण सुचवतो, पंधरा दिवसांत कळवा. उत्तर नाही आलं तर बेथ दीनला हजमाना काढायला सांगा. समन्स बेथ दीनच्या नावाने आणि त्याच्या शिक्क्याने जातं. तुमच्या पत्राला समन्स म्हणत नाहीत.

शास्त्रात सोमवार, गुरुवार आणि पुन्हा सोमवार असा हिशेब सापडतो. आज दर बेथ दीनचं वेळापत्रक निराळं, पण साधारण तीन हजमाना जातात. प्रत्येकाची पोच ठेवा.

समोरच्याने ‘मी येतो, पण दुसऱ्या बेथ दीनकडे’ असं कळवलं तर तो नकार नाही. हे उत्तर आलेलं असताना ‘तो येत नाही’ म्हणून कोर्टात गेलेल्यांची बाजू पहिल्या दिवशीच पडते.

6. श्तार बेरूरिन: सगळ्यात महत्त्वाचा कागद

सुनावणीच्या आधी दोन्ही पक्ष लवाद करारनामा सही करतात. त्याच वेळी किनयान होतो: दय्यान रुमाल किंवा पेन पुढे करतो, तुम्ही ते धरून किंचित उचलता, आणि धर्मशास्त्राने बांधले जाता. देशाच्या कायद्याने मात्र तुम्हाला बांधते ती सही. लोक रुमाल उचलतात आणि कागद न वाचता सही करतात. उलट करा. कागद आदल्या रात्री घरी मागवा, लवाद कायदा जाणणाऱ्या वकिलाला दाखवा, आणि पुढचे मुद्दे त्यात आहेत का पाहा.

पहिला मुद्दा, दीन की पेशारा. काटेकोर शास्त्राने निवाडा, की शास्त्राला धरून तडजोड? दय्यानने सुरुवातीलाच हे विचारायचं असतं, आणि तडजोड सुचवणं हे पुण्यकर्म मानलं आहे. बहुतेक ठिकाणी ‘शास्त्राजवळची तडजोड’ लिहिली जाते. काटेकोर निवाड्यात कधी शपथ घेण्याची वेळ येते, आणि दय्यान ती टाळू पाहतात. तडजोडीचा अधिकार असला की शपथेऐवजी रक्कम ठरवता येते.

दुसरा मुद्दा भारतातल्या वाचकांचा, आणि तो वकिलांच्याही नजरेतून सुटतो. आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद वगळता, भारतात बसलेल्या लवादाने भारतीय कायद्यानेच निकाल द्यायचा असतो, असं 1996च्या लवाद कायद्याचं कलम 28 म्हणतं (पुढची भारतातली कलमंही याच कायद्याची). नुसतं ‘हलाखाप्रमाणे’ लिहिलं तर पुढे निवाड्यावर बोट ठेवायला जागा मिळते. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात मात्र वाट आहे: पक्षांनी स्पष्ट अधिकार दिला तर लवाद न्याय आणि सद्सद्विवेकाने निकाल देऊ शकतो. पेशाराचा अधिकार आणि हे वाक्य दोन्ही शेजारी शेजारी लिहा.

तिसरा, कारणं. कायद्याने निवाड्यात कारणं हवीत, पण पक्षांनी ‘नको’ म्हटलं तर चालतं. काही बेथ दीन कारणं लिहीत नाहीत. करारनाम्यात त्याबद्दल एक ओळ हवी, मग कारणं हवी असोत वा नसोत.

चौथा, मुदत. भारतात कैफियती पूर्ण झाल्यापासून 12 महिन्यांत निवाडा व्हावा लागतो, आणि पक्षांच्या संमतीने आणखी 6 महिने वाढवता येतात. त्यापुढे कोर्टाकडून वाढ आणावी लागते, नाहीतर लवादाचा अधिकार संपतो. सणांच्या सुट्ट्या, दय्यानचा प्रवास यांत वर्ष कधी गेलं कळत नाही. तारीख भिंतीवर लावा.

पाचवा, लवादाचं ठिकाण. घर भारतात असेल तर कागदावर ठिकाण भारतातलंच ठेवा, दय्यान व्हिडिओवर जेरुसलेमहून बोलत असले तरी.

*तपासा:* स्टॅम्प पेपर, दोन्ही पक्षांच्या सह्या, तिघांची नावं, वादाचं नेमकं वर्णन. ‘आमच्यातले सर्व वाद’ असं मोघम लिहू नका, नाहीतर नणंद-भावजयीचं सोनंही टेबलावर येईल.

7. सुनावणी

दोन्ही पक्ष सारखेच बसतात किंवा सारखेच उभे राहतात; एकाला खुर्ची आणि दुसऱ्याला नाही असं चालत नाही. वकील किंवा तोएन, म्हणजे बेथ दीनचं काम जाणणारा तुमचा प्रतिनिधी, आणता येतो का ते आधी विचारा. अनेक ठिकाणी चालतो, पण दय्यान प्रश्न थेट तुम्हालाच विचारतील. त्यामुळे हकिगत तोंडपाठ हवी.

शेवटी दय्यान विचारतात, ‘आणखी पुरावा आहे?’ इथे घाईत ‘नाही’ म्हणू नका. होशेन मिशपातच्या 20व्या प्रकरणाप्रमाणे नवा पुरावा आणून निवाडा फिरवता येतो. पण ‘माझ्याकडे काही नाही’ असं बोलून बसलात तर ते दार बंद होऊ शकतं. ‘आज हातात एवढंच आहे, सापडलं तर आणेन’ असं म्हणा आणि ते टिपणात आलं का पाहा.

दय्यानला भेटवस्तू, पेढ्यांचा डबा, घरी जेवणाचं आमंत्रण, यातलं काहीही नको. बेथ दीनची फी दोघे निम्मी-निम्मी भरतात आणि पावती घेतात.

8. समोरचा आलाच नाही तर

तीन हजमाना कोरड्या गेल्या की बेथ दीन ‘सेरुव’ काढू शकतं: अमुक माणूस बेथ दीनला जुमानत नाही असं जाहीर पत्र. अनेक ठिकाणी अशा माणसाला सिनेगॉगमध्ये तोरावाचनाला बोलावत नाहीत. दडपण येतं, पण सेरुवने पैसे हातात पडत नाहीत.

पैशासाठी लागतो तो ‘हेतेर’, कोर्टात जायची परवानगी. तो लेखी घ्या. त्यात तुमचं नाव, समोरच्याचं नाव, विषय आणि रक्कम स्पष्ट हवी. घराच्या वादासाठी मिळालेल्या परवानगीवर दुकानाचा दावा लावता येत नाही. कोर्टाने तुमच्या शास्त्रीय हक्काहून जास्त दिलं तर तेवढं ठेवायचं की नाही, हेही त्याच वेळी विचारून घ्या. हक्काबाहेरचं ठेवणं अनेक अधिकारी चोरीत धरतात.

सेरुवच्या तारखेपासूनच्या सगळ्या पावत्या जपा. एरवी हरणारा जिंकणाऱ्याचा खर्च देत नाही. पण नकार देऊन कोर्टाची वेळ आणणाऱ्याकडून त्यानंतरचा खर्च मागता येतो (होशेन मिशपात 14:5).

*घाईच्या वेळी:* भाऊ पुढच्या आठवड्यात घर विकतोय असं कळलं तर तीन समन्सांत घर जाईल. दय्यानला तातडीने फोन करा. स्थिती जैसे थे ठेवण्यापुरता मनाई हुकूम आणायला अनेक जण लगेच परवानगी देतात. लवाद करार झालेला असेल तर भारतात हा अर्ज कलम 9 खाली होतो, आणि हुकूम मिळाल्यावर 90 दिवसांत लवाद सुरू करावा लागतो. अर्जात फक्त स्थगिती मागा, मालकीचा निकाल मागू नका.

9. तुमच्यावरच कोर्टात दावा पडला तर

‘मी कोर्ट मानत नाही’ म्हणून घरी बसू नका. एकतर्फी हुकूम होईल आणि मग बेलिफच दारात येईल. बचाव करायला शास्त्राची आडकाठी नाही. त्याच दिवशी बेथ दीनला कळवा, म्हणजे वादीला तिथून पत्र जाईल. लवादाचा करार असेल तर भारतात कलम 8चा अर्ज वादाच्या मूळ मुद्द्यावरचं पहिलं म्हणणं दाखल करण्याआधी किंवा त्याच वेळी द्यावा लागतो. कैफियत आधी दिली की ही संधी जाते.

आणि वादी म्हणून आधीच कोर्टात जाऊन हरला असाल, तर बेथ दीनकडे ‘आता तुम्ही बघा’ म्हणत जाऊ नका. अशाचं ऐकू नये, हे मत रेमांनी उचलून धरलं आहे (होशेन मिशपात 26:1).

10. निवाडा हाती आल्यावर

मूळ सहीची प्रत घ्या. नावं, रकमा, सर्व्हे नंबर आणि तारखा अक्षर न अक्षर तपासा. घराच्या मालकीत बदल होत असेल तर भारतात निवाड्यावर योग्य स्टॅम्प भरून तो नोंदवावा लागतो. नोंदणी राहिली तर सातबाऱ्यावर किंवा सोसायटीच्या दाखल्यावर नाव चढणार नाही.

समोरचा पाळत नसेल तर कलम 36 खाली निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. इंग्लंडमध्ये 1996चा, अमेरिकेत 1925चा लवाद कायदा हेच काम करतो. ही बजावणी मनाईत येत नाही, कारण कोर्ट इथे बेथ दीनचाच निर्णय राबवत असतं. तरी दय्यानकडून एका ओळीची संमती घेऊन ठेवावी.

निवाडा पटला नाही म्हणून कलम 34 खाली कोर्टात आव्हान द्यायचं मनात येतं. त्याची मुदत 3 महिने. पण बेथ दीनला न विचारता तो अर्ज टाकला की पुन्हा पहिल्या मनाईत पाय पडतो. तेव्हा आधी त्याच तिघांकडे फेरविचाराची लेखी मागणी करा, हिशेबातली चूक किंवा नवा पुरावा दाखवून. आणि ती पहिल्याच महिन्यात करा, म्हणजे परवानगीची वेळ आलीच तर उरलेले दोन महिने हातात असतील.